स्वस्त ड्रायसूट, थंड पाणी आणि आपली घोंगडी

मंद्रूपहून बोलतोय. इअरफोन लावा, गाडी चालवत असाल तर आधी बाजूला घ्या, कारण आज जरा हिशेबाचं बोलायचंय.

विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ह्याला ऊन लागलं का काय. विषय आहे, थंडीत विंडसर्फिंग करायला परवडणारा ड्रायसूट कसा निवडायचा! आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, आणि हा ड्रायसूट सांगतोय. पण प्रश्न आपल्याच श्रोत्याचा आहे. आपल्या तालुक्यातला पोरगा, नेदरलँड्समध्ये एमएस करतोय. त्यानं व्हॉइस नोट पाठवली. "भाऊ, इथं लोक डिसेंबरातपण शीड लावलेली फळी घेऊन पाण्यात उतरतात. मला उन्हाळ्यात नाद लागला, आता थांबवत नाही. पार्टटाइम करून ४०० युरो बाजूला टाकलेत. त्यात ड्रायसूट बसवायचाय. आईला सांगितलेलं नाही."

आईला सांगायचं का नाही ते तुझं तू बघ. पण ४०० युरो कुठं घालायचे ते मी सांगतो. मी स्वतः दोन वर्षं जर्मनीत कीलला होतो, बाल्टिक समुद्राच्या काठावर. १९३६ आणि १९७२ च्या ऑलिम्पिकच्या शिडाच्या शर्यती त्याच गावात झाल्या. तिथं हा खेळ शिकलो, आणि तिथंच सेकंडहँड बाजारात सूट उलटेपालटे करून बघायला शिकलो.

आणि हा खेळ आपल्याकडं नाही असं समजू नका. २०२३ साली झालेल्या एशियन गेम्समध्ये इबाद अलीनं विंडसर्फिंगमध्ये भारताला ब्राँझ मिळवून दिलं. गोव्याची कात्या कोएल्हो आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये उतरते. फरक एवढाच की गोव्याचं पाणी कोमट. तिथं अंगात पातळ टीशर्ट असला तरी भागतं. म्हणून थंड पाण्यात काय घालायचं, हे आपल्याकडं सहसा कुणी सांगत नाही.

तर पहिली गोष्ट. कपडे हवेकडं बघून घालायचे नाहीत, पाण्याकडं बघून घालायचे.

उत्तर युरोपात सगळ्यात फसवा महिना जानेवारी नाही, एप्रिल. ऊन पडतं, हवा १८-२० अंशांवर जाते, लोक काठावर आइस्क्रीम खातात. पण समुद्र अजून हिवाळ्यातच असतो. कीलला एप्रिलात पाणी ५ ते ८ अंशांच्या आसपास. काठावर उभं राहून वाटतं, साधा पातळ सूट चालेल. आणि माणूस तिथंच फसतो.

पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं अंगातली ऊब ओढतं. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलात की शरीर स्वतःहून एक मोठा श्वास आत ओढतं. तुम्ही ठरवून नाही, शरीर आपोआप. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पाणी फुप्फुसात. मग धाप लागते, छाती धडधडते, मेंदू म्हणतो पळ. ह्याला कोल्ड शॉक म्हणतात.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हे सोपं करून सांगितलंय. १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वासाचं, तेवढ्यात श्वास ताब्यात आणायचा. पुढची १० मिनिटं हातापायांची, तेवढ्यात जे करायचं ते करून घ्यायचं, कारण नंतर बोटं ऐकत नाहीत. आणि थंडीनं शुद्ध जायला साधारण १ तास. आकडे माणसागणिक, पाण्यागणिक बदलतात, पण क्रम तोच. म्हणजे माणूस थंडीनं गोठून जायच्या कितीतरी आधी बुडून जाऊ शकतो.

ज्यांनी डिसेंबरात रात्रीच्या लायटीवर दारं धरलीत, त्यांना बोटांचं वेगळं सांगायला नको. पहाटे तीनला पाटाच्या पाण्यात पाय, हातात खोरं, आणि घरनं फोन आला तर बोटानं स्क्रीन सरकत नाही. ते आपलं सोलापूरचं पाणी. आता तेच ५ अंशांचं पाणी समजा, आणि त्या बोटांनी तुम्हाला शीड उचलायचंय.

बरं, मग वेटसूट आणि ड्रायसूटमध्ये फरक काय?

वेटसूट म्हणजे निओप्रीनचा, अंगाला चिकटून बसणारा रबरी कपडा. त्यात थोडं पाणी आत जातं, अंगाच्या उबेनं गरम होतं, आणि निओप्रीनमधले हवेचे बारीक बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. थंडीचे वेटसूट ५ किंवा ६ मिलिमीटर जाड असतात. ड्रायसूटचं तत्त्व वेगळं. पाणी आत येऊच द्यायचं नाही. मनगटाला आणि गळ्याला घट्ट सील, पायाला जोडलेले मोजे, आणि पाणी न घुसणारी चेन. आत तुम्ही कोरडे कपडे घालून उभे.

मग सगळ्यांनी ड्रायसूटच घ्यावा का? नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. मी तासात किती वेळा पाण्यात पडतो?

जो मुरलेला आहे, पडला तरी झटक्यात फळीवर येतो, त्याला थंडीचा चांगला वेटसूट पुरतो. तो सतत जोर लावत असतो, त्याला घामच येतो. पण जो नवीन आहे तो पडतो, शीड ओढतो, पुन्हा पडतो, फळीवर बसून दम खातो. ओला होऊन वाऱ्यात बसून राहणं, ऊब तिथंच जाते. त्याला ड्रायसूटचा जास्त फायदा. आपला प्रश्नकर्ता एका उन्हाळ्यात शिकलेला, म्हणजे अजून पडणारा. त्यामुळं त्याचा विचार बरोबर आहे.

आता सूट कसा बघायचा. रंग बघू नका, कंपनीचं नाव शेवटी बघा. चार गोष्टी बघा.

एक, कापड. आपण पावसात मोटरसायकलवर साधा रेनसूट घालतो. सोलापूरला पोहोचेपर्यंत बाहेरनं पाऊस आत येत नाही, पण शर्ट ओलाचिंब असतो. कशानं? घामानं. अगदी स्वस्त ड्रायसूटचं तसंच होतं. विंडसर्फिंग हा जोराचा खेळ आहे, घाम ढिगानं येतो. म्हणून घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड घ्यायचं. त्यातलं गोर-टेक्स सगळ्यात नावाजलेलं, पण तसे नवे सूट हजार युरोच्या वर जातात. बाकी कंपन्यांचं वाफ सोडणारं कापडही चालतं. नवा साधा सूट तीन-चारशे युरोंच्या आसपास सुरू होतो. किमती हलत असतात, घेताना बघून घ्या.

इथं एक खड्डा आहे. जुन्या बाजारात डायव्हिंगचे ड्रायसूट स्वस्तात दिसतात. छातीवर हवा भरायचा व्हॉल्व्ह, दंडावर हवा सोडायचा व्हॉल्व्ह. ते खोल पाण्यात उतरणाऱ्यांचे. जड असतात, आणि त्यात कंबर वाकवून शीड ओढणं जिवावर येतं. जाहिरातीत नीट वाचा. शिडाची बोट, कयाक किंवा विंडसर्फिंगसाठीचा सूट पाहिजे.

दोन, सील. सूटचा खरा जीव इथं आहे. लेटेक्सचं सील फुग्यासारखं पातळ. पाणी सगळ्यात चांगलं अडवतं, पण फाटतं, उन्हानं चिकट होतं, आणि तेलानं खराब होतं. डोक्याला खोबरेल लावून गळ्याचं सील घालायचं नाही, सांगून ठेवतो! हातातलं कडं, घड्याळ, अंगठी काढायची, नखं कापायची. सील सरकायला तेल नाही, टाल्कम पावडर. ज्यांना रबराची ॲलर्जी आहे त्यांनी लेटेक्सच्या वाटेला जाऊ नये. दुसरा प्रकार निओप्रीनचा. मनगटाजवळ थोडं पाणी झिरपतं, पण टिकाऊ, आणि गळ्याला काचत नाही. काही सूटना मनगटाला लेटेक्स आणि गळ्याला निओप्रीन असतं. त्यांना सेमी-ड्राय म्हणतात. हे बरेचदा स्वस्त पडतात. पण दिवसभर पडणाऱ्या नवख्याच्या गळ्यातनं पाणी आत जाणारच, हे धरून चाला.

सील ही झिजणारी वस्तू आहे. काही वर्षांनी बदलावीच लागते, गाडीच्या टायरसारखी. म्हणून सूटची किंमत म्हणजे नुसती आजची किंमत नाही. सील बदलायचा खर्च त्यात धरा.

तीन, चेन. सूटमधला हा महागाचा भाग. सील बदलणं त्यामानानं सोपं. चेन बदलायची तर सूट कापून नवी बसवावी लागते, आणि जुन्या सूटला तेवढा खर्च परवडत नाही. म्हणून जुना सूट घेताना चेन मोडलेली, दात वाकलेली दिसली की राम राम करायचा, कितीही स्वस्त असो. पाठीवर चेन असली तर लावायला दुसरा माणूस लागतो. छातीवर तिरकी असली तर आपली आपण लावता येते. परदेशात एकट्यानं राहणाऱ्या पोरानं छातीवरचीच बघावी.

चार, माप. फार ढगळ घेतला तर आत हवा साठते, आणि पाण्यात पाय वर येतात. फार घट्ट घेतला तर आत गरम कपडे मावत नाहीत. अंगात घालायचे तेच कपडे घालून दुकानात जा. हात डोक्यावर न्या, उकिडवं बसा, शीड ओढल्यासारखं वाका. गळा ओढला जात असेल तर माप चुकलं. कंबरेला हार्नेस बांधणार, तिथं कापड घासतं. गुडघ्याला आणि बुडाला दुहेरी कापड आहे का बघा. पायाच्या मोज्यावर बूट येणार, म्हणून बूट एक नंबर मोठा.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ड्रायसूट गरम नसतो. परत ऐका. कापडाचा ड्रायसूट फक्त कोरडं ठेवतो. ऊब आतले कपडे देतात.

सोलापुरात बसून सुती कापडाबद्दल वाईट बोलायचं म्हणजे शिव्या खायची तयारी ठेवायची. आपली चादर, आपला टॉवेल, जगभर नाव. पण टॉवेल चांगला का? कारण तो पाणी पितो. हाच गुण ड्रायसूटच्या आत घातक. सुती बनियन घाम पितो आणि अंगाला गार चिकटून बसतो. उलट आपली घोंगडी आठवा. मेंढपाळाची घोंगडी पावसात भिजते, तरी आतल्या माणसाला ऊब देत राहते. लोकर ओली झाली तरी तिच्यात हवा अडकलेली राहते. म्हणून ड्रायसूटच्या आत सुती काही नाही. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिकचा पातळ थर, वर फ्लीस. आणि ह्यासाठी महागडा खास पोशाख लागत नाही. डेकॅथलॉनसारख्या दुकानातले साधे ट्रेकिंगचे थर्मल आणि फ्लीस चालतात. जीन्स चुकूनपण नाही.

डोक्याला निओप्रीनची टोपी. हातमोजे मात्र जपून. जाड मोज्यांनी बूम धरला की दहा मिनिटांत हात भरून येतात. तळहाताच्या बाजूला उघडे असलेले मोजे मिळतात, ते बघा.

आता जुना सूट कसा तपासायचा. हे तर आपल्याला शिकवायलाच नको, आपण पंक्चरवाल्याच्या देशातले. मनगटाच्या सीलमध्ये एकेक प्लास्टिकची बाटली घालायची, गळ्याच्या सीलमध्ये मोठी बरणी, चेन पूर्ण लावायची, आणि एका बाटलीला भोक पाडून तिथनं हवा भरायची. वरनं साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडे आले, तिथं गळती. शिवणीवर एखादं बारीक भोक असलं तर चिकटपट्टीनं दुरुस्त होतं, आणि तेवढ्यावर किंमत पाडता येते. पण सूट उलटा करून आतली बाजू बघा. जुन्या रेनकोटसारखा आतला थर पोपडे धरून सुटत असेल तर कापडच संपलंय. तो फुकट मिळाला तरी महाग. सील दोन बोटांनी हळूच ताणा. चिकट लागलं, भेगा दिसल्या, तर सीलचे पैसे किमतीतनं वजा करायला सांगा. लाजू नका, मंगळवार बाजारात करतो तसंच!

तर भावा, तुझे ४०० युरो. मी असतो तर असे वाटले असते. निम्मे, म्हणजे २०० पर्यंत, चांगल्या चेनचा वापरलेला सूट. ७०-८० सीलसाठी बाजूला. सील चांगलं निघालं तर ते पैसे पुढच्या वर्षी कामाला येतील. उरलेल्यात बूट, टोपी, आतले कपडे आणि बॉयन्सी एड. सगळं नवं पाहिजे म्हटलं तर सगळे ४०० एका सूटमध्ये जातील, आणि तू आत सुती टीशर्ट घालून, जॅकेटशिवाय पाण्यात उतरशील. तो स्वस्त सौदा नाही.

आणि २०० मध्ये चांगली चेन मिळालीच नाही तर? मग हा हिवाळा थांब. मे उजाडला, पाणी जरा वर चढलं, की वेटसूटवर खेळ. सूट पुढच्या वर्षी घे. खराब सूट घेण्यापेक्षा एक हिवाळा काठावर बसणं परवडतं.

बॉयन्सी एड म्हणजे तरंगायला मदत करणारं जॅकेट. ह्यावर मला जरा थांबायचंय.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ. उजनी धरणाचं बॅकवॉटर. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. एक जण पोहत काठाला लागला. मे महिना होता मंडळी. तिथं थंड पाण्याचा प्रश्नच नव्हता. वारा आणि लाटा, एवढंच. ते पाणी पुढं भीमेतनं आपल्याच टाकळीजवळनं वाहतं.

म्हणजे काय, तर कोमट पाण्यातसुद्धा वारा माणसाला नेतो. मग थंड पाण्यात पहिल्या एका मिनिटात, श्वास ताब्यात नसताना, तुमचं तोंड पाण्याच्या वर कोण ठेवणार? ड्रायसूट नाही. ड्रायसूट हे तरंगायचं साधन नाही. आतल्या हवेनं थोडं तरंगल्यासारखं वाटतं, पण त्यावर भरवसा नाही. ते काम जॅकेटचं. विंडसर्फिंगला ५० न्यूटनचं, अंगाला घट्ट बसणारं, हार्नेसबरोबर जमणारं घ्या. पाण्यात पडलं की आपोआप फुगणारं जॅकेट ह्या खेळाला नको, तुम्ही पहिल्या पाच मिनिटांतच पडणार. आणि इम्पॅक्ट व्हेस्ट म्हणून जे मिळतं ते मार लागू नये म्हणून असतं. ते तरंगवेलच असं नाही. लेबल वाचा.

एक प्रश्न नेहमी येतो. सूट फाटला, आत पाणी भरलं, तर वजनानं बुडणार का? नाही. पाण्यात पाण्याचं वजन जाणवत नाही. पण ऊब झटक्यात जाते, आणि पाणी भरलेल्या पायांनी फळीवर चढणं अवघड होतं. म्हणून भोक लहान म्हणून सोडायचं नाही.

नवा सूट मिळाला की पहिल्याच दिवशी वाऱ्यात उतरू नका. कंबरेएवढ्या पाण्यात, सोबत माणूस घेऊन, पाच मिनिटं. आधी गुडघे छातीशी घेऊन उकिडवं बसायचं, गळ्याच्या सीलमध्ये एक बोट घालून आतली हवा बाहेर जाऊ द्यायची. मग पाण्यात पाठीवर पडून बघायचं. उभं राहता येतं का, फळीवर चढता येतं का. बाहेर येऊन सूट काढायचा आणि आतले कपडे हातानं चाचपायचे. ओलं कुठं लागतंय ते तिथंच कळतं.

घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचा, सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. धातूच्या चेनला मेण लावायचं, प्लास्टिकच्या चेनला कंपनी सांगेल ते ग्रीस. घडी घालून चेन दुमडायची नाही, गुंडाळी करायची. एवढं केलं तर वापरलेला सूटपण बरेच हिवाळे काढतो.

आणि तू जिथं खेळतोस ते एयसेलमेअरचं पाणी माणसानंच अडवलेलं आहे, १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून. आपल्या उजनीसारखंच म्हण. वरनं शांत दिसतं, वारा सुटला की रूप बदलतं. काठाकडून आत वाहणाऱ्या वाऱ्यात उतरायचं नाही. एकट्यानं जायचं नाही. किती वाजता परत येणार हे कुणालातरी सांगून जायचं. आणि काही बिघडलं तर फळी सोडायची नाही. शीड सुटलं तर सुटू दे, फळी धरून राहायचं. ती तुझी सगळ्यात मोठी तरंगती वस्तू आहे.

सगळं ऐकून इकडचे काही म्हणतील, आम्हाला ह्याचा काय उपयोग? आहे. भीमेत मासे धरायला जाणारा असो, उजनीला फिरायला जाणारा असो, नावेत बसताना जॅकेट मागा. नाही म्हणाले तर नाव सोडा. त्याला ना युरो लागतात, ना व्हिसा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. पुढचा भाग विहिरीत पोहायला शिकवताना कमरेला काय बांधायचं ह्यावर, तिथंपण बरेच गैरसमज आहेत. आणि भावा, सूट घेतलास की चेनचा फोटो आधी पाठव, तुझा नंतर. येतो मंडळी, राम राम!